पाठ फिरवून शिकवणाऱ्यास खोली नाही

मी, राजाराम धोंडू कोचरेकर, वय ६२, लालबागच्या एका गिरणीत साळखात्याचा, म्हणजे विणाईच्या खात्याचा, हेडजॉबर म्हणून निवृत्त झालेला, छातीने थकलो असलो तरी डोक्याने शाबूत आहे. हे कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर किळस येऊन लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. करण्याजोगा संताप आला नव्हता.

१. माझ्या चाळीतल्या खोलीवरचा हक्क पुतण्या रामदास यास जाणार, असे सगळे धरून चालले आहेत. त्याला मी गावाहून आणून याच खोलीत ठेवले, साच्यावर, म्हणजे मागावर, उभे केले, आज तो माझ्या जागी हेडजॉबर आहे. साचा लावताना तो कामगारांकडे पाठ करून उभा राहतो, कोणी बघून शिकेल म्हणून. ही विद्या माझी नव्हे. मी त्याच्या हातात पाना देत असे आणि स्वतःचे हात मागे बांधत असे. त्याने भलताच नट पिळला तरी गप्प राहत असे. साचा अडला की त्यालाच विचारत असे, का रे अडला? हाताखालच्याला शिकवायचे ते असे. चौघांत शिवी द्यायची नाही आणि आपल्याला येते ते लपवायचे नाही. आमचे मॅनेजरसाहेब ‘नवख्यांना मार्गदर्शन करा’ असा फलक लावून गेले, तेही नाकाला रुमाल धरून. त्या फलकाखाली आता लोक तंबाखू मळतात.

२. गुणाजी कुशाबा तांबे यास मी माझ्या शेजारच्या साच्यावर घेतले तेव्हा सगळे खाते खवळले. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून ते सूत तोंडाने ओढायची आमची रीत. गुणाजीची माणसे बौद्ध झाली, पण खात्याने त्यांची जुनी जात सोडली नाही. मी निवृत्त होताच रामदासने त्याला साच्यावरून काढून सुताच्या कांड्या वाहायला लावले. मी जाब विचारला तर म्हणाला, “तेचो उष्टो धोटो आमी तोंडाक लावूचो काय?” तोच धोटा तंबाखूची, दारूची, खोकल्याची तोंडे दिवसभर चोखतात, त्याची कोणाला शिसारी येत नाही. हाच रामदास संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गुणाजीच्या खांद्याला खांदा लावून घसा फोडत होता. आता राज्य मिळणार म्हणून पेढे वाटतो आहे. मला तो पेढा गिळवला नाही.

म्हणून अट घातली होती: रामदासने गुणाजीला परत साच्यावर घ्यावे, समोरासमोर उभे करून शिकवावे, तरच खोली त्याची.

३. माझे पाने, हातोडी आणि हुक गुणाजीस. गंज चढू देऊ नये. भांडीकुंडी विधवा बहीण सुभद्रा हिला. माझे पथ्यपाणी तीच करते. गावच्या भाऊबंदांस काही नाही. कारण त्यांना ठाऊक आहे.

४. मरताना माझ्या तोंडात गुणाजीच्या हातचे पाणी पडावे, असे येथे लिहिले होते. ते खोडले आहे. काल गुणाजीला घरी बोलावून त्याच्यापुढे आणि रामदासपुढे मसुदा वाचला. अट ऐकून रामदास लगेच कबूल झाला. “घेतंय तेका साच्यार,” म्हणाला. पाण्याचे कलम ऐकल्यावर गुणाजी म्हणाला, “नाना, असल्या रीती आम्ही सोडल्या. पाणी प्यायचं तर आत्ता प्या.” उठून त्याने माठातून पेला भरला, आधी स्वतः घोट घेतला आणि मग माझ्यापुढे धरला. मी सगळा प्यायलो. रामदासने माठ उचलला आणि मोरीत पालथा केला. सुभद्राने पहाटे नळावर रांग लावून भरलेले दिवसाचे पाणी होते ते.

आता अट पाळली जाते की नाही, हे कळायला माझ्या मरणाची गरज उरली नाही. रामदासने महिनाअखेर बिऱ्हाड हलवावे. गुणाजीला साचा मिळवून देणे माझ्या हातात राहिलेले नाही, याची चीड जाता जात नाही. खोली सुभद्राची. तिथे कोणाला पाणी द्यायचे, ते तिने ठरवावे.

वरील मजकूर माझा आहे आणि रागातला असला तरी विचार करून लिहिला आहे.

सही: राजाराम धोंडू कोचरेकर

साक्षीदार:
चिंतामणी वासुदेव प्रभू, शेजारी
राधाबाई लवू गावडे, शेजारीण (अंगठा)

लालबाग, मुंबई. दिनांक २४ एप्रिल १९६०.