पहिल्या फरशीवरची टिकली

४ मार्च
आज सकाळी कामावर गेलो नाही. थापी, ओळंबा, छिन्नी पिशवीतच ठेवली, धुतलेला शर्ट घातला आणि हिच्याबरोबर घर पाहायला गेलो. चौदा वर्षांतलं हे कितवं, देव जाणे. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. ही खिडकीपाशी गेली ती हलेचना! पर्समधून सुतळी काढली, खिडकीवर ताणून धरली आणि जिथे खिडकी संपली तिथे गाठ मारली. पडद्याचं माप.
"अगं, घर अजून त्यांचं आहे."
"असू दे की. माप घेतलं म्हणून खिडकी झिजत नाही."
घर एका निवृत्त नर्सबाईंचं. एकट्याच राहतात. हिचं बोलणं ऐकून त्याही हसल्या.
मग सवयीने बाथरूम पाहायला गेलो. दारामागे वाकून पाहिलं.
कोपऱ्यातल्या फरशीवर टिकली आहे. माझी.

५ मार्च
आज नीट लिहितो.
पहिली फरशी बसवताना देवाचं नाव घ्यायचं आणि तिच्या कोपऱ्यावर छिन्नीने बारीक टिकली मारायची, हे वडिलांनी शिकवलेलं. ज्याने मारली त्यालाच दिसावी इतकी बारीक.
इमारतीला तेव्हा, आठ-नऊ वर्षांपूर्वी, बाहेरून रंगही नव्हता. आज रंगलीय, म्हणून बाहेरून ओळखली नाही. काम मात्र आठवतं — विसरलो कधी होतो? फरशीखाली पाणी अडवणारा थर द्यायचा. मग तीन दिवस पाणी भरून ठेवायचं. खाली थेंब उतरला नाही, तरच फरशी. थर अर्धा झाला होता. ठेकेदार म्हणाला, "मिस्त्री, जप घरी जाऊन करा! उद्या ताबा द्यायचाय, टाका फरशी."
टाकली. देवाचं नाव घेऊन टाकली, हेच जास्त लागतं.

७ मार्च
एकटाच जाऊन आलो. नर्सबाईंना विचारलं, एवढं चांगलं घर विकता का?
"खालचा शिंपी. त्याच्या छताला माझ्या बाथरूमचं पाणी पाझरतं. दोनदा सांधे भरून घेतले, पाझर तसाच. एकदा तर एका गिऱ्हाइकाचं नवं कापड भिजलं, जिन्यात उभा राहून ओरडला. त्याचं तरी काय चुकलं? आठ वर्षं मी चोरासारखी जिना चढते हो. आता भाच्याकडे जाते. त्याने गॅलरीत खाट टाकलीय."
जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा सांभाळल्या, आणि शेवटी गॅलरीत!
मी चहा अर्धा सोडून उठलो.

९ मार्च
बँकेतला साहेब म्हणाला, "काका, आता लांबवू नका. पुढच्या वर्षी तुमच्या वयाला एवढं कर्ज बसणार नाही." म्हणजे हेच घर, नाहीतर नाहीच.
लोकांच्या घरात आयुष्यभर गुडघे टेकले. स्वतःच्या घरात टेकायची वेळ आली, आणि हे.

१० मार्च
देवासमोर बसलो. काही मागता येईना. घर मागावं तर त्या बाईंचं मागतो. सुटका मागावी तर कुणापासून?

१२ मार्च
हिला सांगितलं.
ही भांडी घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "घेऊ, आणि मग दुरुस्त करा ना! तुमच्याच हातात आहे."
"ते आधीच केलं, तर त्यांना घर सोडावंच लागणार नाही."
"आणि आपल्याला?"
ती ओला हात तसाच धरून वळली. "चौदा वर्षं मी कधी काही बोलले? ठेकेदाराने पाप केलं तेव्हा तुमचा देव झोपला होता. आमची पाळी आली की बरोबर जाग येते त्याला!"
पाप ठेकेदाराचं नव्हतं. हात माझे होते.

१३ मार्च
हिने डबा दाराशी ठेवला आणि आत गेली.

१४ मार्च
कपाटातल्या सुतळीची गाठ सोडलेली दिसली. सुतळी गुंडाळून ठेवलीय. दिवसभर दुसऱ्याच्या घरात फरशी बसवली. पहिलीवर टिकली मारली नाही.

१५ मार्च
नर्सबाईंच्या दारात उभा राहिलो आणि एका दमात सगळं बोललो. टिकलीही दाखवली. त्या वाकून किती तरी वेळ पाहत होत्या.
"तुम्ही होय," एवढंच म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
मग खाली जाऊन शिंप्याला सांगितलं. तो टेप गळ्यात अडकवून ऐकत होता. "मिस्त्री, मी आठ वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या. तुमच्या वाट्याच्या आता कुठून आणू?"

१६ मार्च
फरशी फोडली. टिकलीची सर्वांत आधी.

२२ मार्च
थर पूर्ण दिला. नीट सुकू दिला. तीन दिवस पाणी भरून ठेवलं. आज शिंप्याने टेबलावर चढून छताला तळहात लावला — कोरडं! नर्सबाई जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग आता मी कशाला विकू?"
मी म्हटलं, नका विकू.