एक मासेमार

११ नोव्हेंबर

वारा अजून पडलेला नाही. आमचा बारक्या आणि शेजारचा लांब्या काल सकाळी होडी घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. दोघंच होती पोरं. इंजिन बंद पडलं असेल – जुनंच आहे. माझा खांदा धड असता तर पोराऐवजी मी गेलो असतो. ही तसं बोलली नाही, पण दिवसभर माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, तुमचा बारक्या इंजिनाला तीनदा नमस्कार करतो, तेवढ्यात माझा लांब्या एक झोप काढतो. असले हे दोघे! सावकाशच यायचे." हसल्या. मीही हसलो.

१२ नोव्हेंबर

रेडिओवर सांगितलं – उलटलेल्या होडीला धरून राहिलेल्या एका मासेमाराला वाचवलं. एका! नाव नाही.

मासेमार. शाळेत मास्तरांनी फळ्यावर अर्थ लिहून दिला होता, मासे पकडून पोट भरणारा. आम्ही पोरांनी निमूट उतरवून घेतला. घरी मात्र हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. बाप काय करतो, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो – समुद्रावर जातो. बारक्याही तेच सांगायचा. आमच्या घरात 'मासेमार' येतो तो रेडिओतून, आणि बरं काही सांगायला येत नाही.

बंदराच्या कचेरीत गेलो. कारकून भला माणूस. "काका, वरून एवढंच आलंय – एक मासेमार. पलीकडच्या बंदराच्या दवाखान्यात नेलाय. शुद्धीवर नाही. बाहेर राहिलेली होडी तुमचीच, दुसरी कुठली कळवलेली नाही."

"उंच आहे की बुटका, एवढं तरी?"

"नाही हो."

तिकडचा रस्ता पाण्याखाली आहे.

१३ नोव्हेंबर

देवापुढं बसलो. तो आमचा असू दे, म्हणायला तोंड उघडलं आणि तेव्हा उमगलं. आमचा असू दे म्हणजे त्यांचा नसू दे! हे देवाकडे कोणत्या तोंडानं मागू? आणि न मागता उठू तरी कसा? बसून राहिलो. दिवा विझला, पुन्हा लावला नाही.

हिनं विचारलं, "मागितलंत ना?"

मान हलवली. खोटीच.

वहिनींचं दार सकाळपासून लावलेलं. आमचंही. समोरासमोर आलो तर मनातलं तोंडावर दिसेल.

१४ नोव्हेंबर

रस्ता उघडला. उद्या पहिल्या गाडीनं निघायचं. वहिनीही येणार. दाराबाहेरूनच म्हणाल्या, "भावजी, मी आपली मागं बसेन."

१५ नोव्हेंबर

खाटेवर एक म्हातारा. कुठल्याशा तिसऱ्याच बंदरातला. आमची होडी त्यानं पाहिलीही नव्हती.

डोळे किलकिले करून म्हणाला, "तुमचं कोण गेलंय बाहेर?"

"मुलगा," वहिनी आणि मी एकदमच बोललो.

परतताना वहिनी माझ्या शेजारी बसल्या.