भरलेली जागा

साहेब, आज दुपारी तुमच्या प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत बसून मी तुमचंच एक वाक्य बोललो, आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलायला तयार नाही. जिवंतपणी छळलंत तेवढं पुरे नव्हतं का? तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की कॉलेजातल्या कोणालाही आता तुमचा चेहरा सांगता येणार नाही. खुर्ची मात्र तीच आहे. डावीकडे रेललं की अजून कुरकुरते.

तुमच्या वेळचं कॉलेज म्हणजे जालन्यातली ती एक दगडी इमारत, इंटरपर्यंतचे वर्ग, शिकवणं सगळं उर्दूतून आणि हुकूम सगळे हैदराबादेहून. मी तुमचाच विद्यार्थी. बी.ए. होऊन परत आलो तेव्हा मराठीचे पंडितजी नुकतेच वारले होते. तुम्ही बोलावून घेतलंत, आयुष्यात पहिल्यांदा मला "तशरीफ रखिए" म्हणालात, आणि मी तिथंच फसलो. "चंद महीने देख लीजिए, मुन्सरिम हैसियत से," म्हणालात. मुन्सरिम म्हणजे कायमचा माणूस येईपर्यंत जागेवर बसवलेला. तो आला की मी मोकळा. मला नागपूरला जायचं होतं. तिथल्या एका प्राध्यापकांनी एम.ए. करता करता शिकवायची सोय लावून दिली होती, आणि ती जागा ते उन्हाळ्यापर्यंत माझ्यासाठी धरून ठेवणार होते. आमचे दादा बदनापूरच्या बाजूनं गाडी जुंपून माझ्या खोलीवर जवारीचं पोतं टाकायला आल्ते. त्यांनी विचारलं, "तुजा कायमचा मानूस कवा येऊन राह्यला?" मी म्हणालो, येईल दिवाळीपर्यंत. दादांनी पोतं भिंतीशी सरकवलं. मग म्हणाले, "मंग अजून एक पोतं आणून टाकतो."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी विचारलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. "मुआयना हो जाने दीजिए." वर्षातून एकदा तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे मुख्य अधिकारी, नाझिमसाहेब, हैदराबादेहून तपासणीला यायचे, त्याचं हे नाव. आठ दिवस आधीपासून भिंतींना चुना, मैदानात पाणी, आणि तुम्हाला रात्रंदिवस झोप नाही. त्या सकाळी मी काळी टोपी घालून आलो. वऱ्हांड्यात सगळे उस्ताद आपापल्या मजमूनाच्या, म्हणजे विषयाच्या, दारापुढे उभे, डोक्यावर दस्तारीचं पागोटं, कमरेला बगलूसचा पट्टा. तुम्ही मला पाहिलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "आप नौकर हैं या मेहमान?" मी पुटपुटलो की मुन्सरिमानं कशाला दस्तार करून घ्यावी, मी तर जाणारच आहे. तुम्ही आत गेलात, स्वतःची दुसरी दस्तार आणलीत आणि माझ्या डोक्यावर ठेवलीत. बांधून कडक केलेली ती टोपीसारखीच चढवायची असते, पण तुमचं डोकं मोठं. ती माझ्या भुवयांपर्यंत उतरली. मी मान ताठ धरून उभा, कारण जरा हललो असतो तर डोळेच झाकले गेले असते.

नाझिमसाहेब एकेका दारापुढं थांबत येतात. अजून दिसतात मला, पायांतले चकचकीत बूट तेवढे, कारण वरचं दिसतच नाही. मराठीच्या दाराशी येऊन विचारतात, "ये जगह तो खाली हुई थी ना? तखफीफ कर दीजिए." तखफीफ म्हणजे जागा तोडणं. ज्या जागेवर मुआयन्याच्या दिवशी माणूस नाही, ती त्या सालापासून गेली, परत मिळायची न्हाई. तुम्ही घाईनं एक पाऊल पुढं आलात. "खाली कहाँ है हुजूर? ये खड़े हैं." बूट क्षणभर थांबले आणि पुढच्या दाराकडं गेले. मला तेव्हा कळलं की कायमचा माणूस कधी येणारच नव्हता. त्यासाठी कोणी वर लिहिलंच नव्हतं, कारण लिहिलं असतं तर जागा रिकामी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी उभा होतो म्हणून भोकरदन-जाफराबादकडची पाच-सहा पोरं आपल्या भाषेचा पेपर लिहिणार होती, नाहीतर त्यांना फारसी घ्यावी लागली असती. इतका राग आला साहेब, आणि तो काढायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. बेगमसाहेबांची तब्येत बरी नसायची, त्या हैदराबादेत, तुम्ही इथं. तुमच्या बदलीचा अर्जही दरसाल जायचा आणि दरसाल परत यायचा. स्वयंपाकघरात स्टोव्हवर तुम्ही स्वतः खिचडी टाकली होती, सोबत चिंचेचा खट्टा. शेरवानी खुंटीला, अंगात बनियन, पळी हातात. तुम्हाला असं पाहून मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. मी म्हणालो, मुआयना झाला, आता सोडा मला, नागपूरचे लोक थांबायचे नाहीत. तुम्ही माझ्या ताटात खिचडी वाढलीत आणि ताटाकडंच बघत म्हणालात, "बस, इस साल और." मी "जी" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. उन्हाळ्यात नागपूरच्या जागेवर दुसरा कोणी लागला. पुढच्या सालीही खिचडी झाली आणि त्याच्या पुढच्या सालीही. दस्तार तुम्ही परत घेतलीच नाहीत. पुढं पुढं मी आत कापड घालून ती डोक्याला बराबर बसवून घेतली.

मग हैदराबादचं राज्यच गेलं. बेगमसाहेब आधीच गेलेल्या, तरी तुम्ही हैदराबादेला निघालात. जालना स्टेशनवर गाडी सुटताना खिडकीतून म्हणालात, "अब आप जा सकते हैं." मी पोराबाळांचा बाप झालेलो, दादा अंथरुणाला खिळलेले. कुठं जाणार होतो? मी हात हलवला आणि पायी घरी आलो. पुढं तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो. तोवर मनाशी हिशेब मिटवून टाकला होता की तुम्ही मला धरून ठेवलंत ते मराठीच्या जागेसाठी. ती जागा वाचली, नंतर कायम झाली, आज तिच्यावर दोघं शिकवतात. कोंडून घालायचं कारण चांगलं असलं की माणूस कसाबसा निभावतो.

आज आमच्या इतिहासाच्या बाई आल्या. तरुण आहेत, हुशार आहेत. यजमान पुण्याला, आणि आता तिथल्या कॉलेजात त्यांना जागा मिळालीय. "सर, तुमची सही झाली की सुटले मी," म्हणाल्या. माझा हात चष्म्याकडं गेला. "एवढं साल जाऊ द्या, बाई. परीक्षा होऊ द्या." त्या "बरं सर" म्हणाल्या आणि पदर सावरत खाली बघत राहिल्या. तो "बरं" मला ओळखीचा आहे.

आता तखफीफ नाही, साहेब. जाहिरात दिली की उद्या ढीगभर अर्ज येतील. जागेला बिलकुल धोका नाही. पण आमची ही गेल्यापासून घर माझं रिकामं, पोरं आपापल्या गावी, आणि चार वाजता या बाई माझ्या खोलीत चहाला बसतात, वर्गातल्या गमती सांगतात, माझ्या उर्दूला हसतात. दिवसभरात मी तेवढंच बोलतो. म्हणून आज विचारावंसं वाटतं. ती खिचडी मराठीच्या जागेसाठी होती, की समोरच्या ताटासाठी? समोरच्या ताटासाठी असली तरी मी आता रागावणार नाही. तेवढं खरं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

हे तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचण्यासारखं असतं तर मी लिहिलंही नसतं. बाईंचा अर्ज समोर आहे. उद्या सही करतो, असं लिहून संपवणार होतो. पण मघाशी निघताना शिपायाला सांगून आलोय, उद्या चार वाजता दोन कप चहा.