हद्दपार कवीचा अर्ज

अण्णा, सकाळपासून हे तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. दोनदा उठून ओटा पुसला, तो स्वच्छच होता.

तुम्ही तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचात. शाळा सुटली की मी तुमच्या शेजारी. एकदा एका बाईच्या अर्जात तुम्ही 'अश्रू ढाळत विनंती करते' असं लिहिलंत. ती तर निवांत शेंगा खात बसली होती. मी तसं म्हटलं, तर माझ्यावर डाफरलात, "ती घरी रडून आलीय. इथं तिच्या वतीनं कागदानं रडायचं."

पुढे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी इंजिनीअरिंग करत होते आणि निव्वळ हौसेनं लॅटिन कवितेच्या वर्गात जाऊन बसत होते. माझी नागपूरची रूममेट वैतागायची, "यार, ह्याचे क्रेडिट्स तरी मिळतात का तुला?" पण मला ते सोडवत नव्हतं. ते कवी लिहिता लिहिता लिहिण्याबद्दलच बोलतात. मेणाची पाटी, तिच्यावरची खोडाखोड, थरथरणारा हात. हद्दपार झालेला एक कवी राजधानीला पत्र धाडतो आणि त्यातच सांगतो, अक्षरं फिसकटलेली दिसली तर समजा, माझी आसवं सांडलीत. तो खरंच रडला असेल का, शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाला विचारलं. मी तुमचंच वाक्य इंग्रजीत सांगितलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे कुठं शिकलीस? वडील काय करतात तुझे?"

"लीगल ड्राफ्टिंग," मी म्हटलं.

रविवारी कॉलिंग कार्डावरून फोन केला तेव्हा तुम्हाला त्या कवीचं सांगितलं. तुम्ही हसलात. "म्हणजे तोही अर्जच लिहीत होता की. मंजूर झाला?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग लिहिताना काहीतरी राहून गेलं असेल. तुझ्या बाईंना सांग, त्याच्याच धंद्यातला एक जण इकडे आहे."

पुढच्या रविवारी पहिला प्रश्न तोच. "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"खूश झाल्या."

तुम्ही ते कचेरीत प्रत्येकाला सांगितलंत, हे मला तुमच्या दहाव्याला कळलं. शेडमध्ये तुमच्या शेजारी बसणारे काका म्हणाले, "अमेरिकेतल्या बाई ओळखायच्या त्याला." बाईंना मी काही सांगितलंच नव्हतं, तरी मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून चीड येते.

'लीगल ड्राफ्टिंग' हे वर्गातलं उत्तर घाईघाईत तोंडातून निघून गेलं, असं वर आधी लिहिलं होतं. ते खोडलं. हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, तरी खरं लिहिताना हात अडतोय. मला तुमची लाज वाटली होती, अण्णा.