पट्ट्यावरची जाळी

९ जानेवारी २०१७
देवकाबाईचा पदर आज मशीनच्या पट्ट्यात गेला! आमच्या कापसाच्या जिनिंगमधे पट्टे उघडेच फिरतात. मी कंबर धरून ओढली तिला. लुगडं फाटलं म्हणून बाई वाचली. सेठ म्हणाला, "संभालके काम करो." एवढंच!

१० जानेवारी
कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाकडे गेली. दसऱ्याला सरकारनं आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे केले, तवापासून हाफिसात नुसती फायलींची गाठोडी. साहेब तेलुगू, मराठी बोलतात मोडकं. "कायद्यात आहे अम्मा. पट्ट्याला जाळी पायजेच. नोटीस देतो. पण सेठ कोर्टात गेला तर वर्षं जातात."

१३ जानेवारी
नोटीस आली. सेठ हसला! म्हणे, "ज्यादा बोलोगी तो घर बैठो." बाया परत कामाला लागल्या. मी बी.

१८ जानेवारी
पट्ट्यांवर तारेनं जाळ्या बांधून राह्यले. म्हणजे उद्या तपासणी. आमच्या गाठी जर्मनीच्या कंपनीला जातात, शर्टासाठी. त्या कंपनीचा आपला नियम – कामगाराच्या जिवाला धोका असंल तिथला कापूस घ्यायचा नाही. दरसाली जाळ्या बांधतात, तपासणारे गेले की सोडतात. आमीच सांगतो – सब ठीक!

१९ जानेवारी
कंपनीनं पाठवलेली मॅडम आली. पुण्याची, मराठी. सेठ बाजूलाच उभा. "काही त्रास?" देवकाबाई खाली पाहून राह्यली. मीच बोलली – "मॅडम, ही जाळी काल बांधली. उद्या निघते."
सेठ ओरडला, "झूठ!"
मॅडम म्हणाली, "आमचा पहिलाच नियम आहे, त्या देशाचा कायदा पाळा. पण कायदा मोडला हे सांगणारं कोणी आहे का?"
मी साहेबाला फोन लावला अन् तिच्या हाती दिला. बोलले दोघं. सेठचा चेहरा उतरला.
जाळी पक्की होईस्तोवर एकही गाठ उचलायची नाही, मॅडम म्हणाली!

२१ जानेवारी
जिनिंग बंद. सोनाबाई दारात येऊन बोलली, "सोजर, तुझ्यापायी आमी घरी बसलो." देवकाबाईनंच सांगितलं – "माझा जीव गेला असता तर काऊन नाई रडली तू?" सोनाबाई रडलीच मंग.

२४ जानेवारी
मावल्याहून वेल्डिंगवाले आले! पट्ट्या-पट्ट्यावर लोखंडी जाळी, बोल्ट मारून. साहेब अन् मॅडम संगच आले. साहेबानं हलवून पाह्यलं, मॅडमनं फोटो काढले. एकट्या साहेबाला सेठ भेत नव्हता. एकट्या मॅडमला फसवत होता. दोघांच्या मधात सापडला!
मशीन सुरू झाली. देवकाबाईनं साखर वाटली. सेठलाही दिली – खाल्ली त्यानं!!

२८ जानेवारी
इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर दुसरी जिनिंग आहे. तिचा कापूस परदेशात जात नाही, तिथं मॅडम येत नाही. आज सकाळी तिथल्या बाया फाटकात बसल्या. जाळी बसवा, तवाच आत येतो. मालक म्हणाला, "इथं कोण विचारणार मला?"
त्यांच्यातली जयवंताबाई बसल्या जागेवरूनच बोलली, "आमी विचारून राह्यलो."