हिंसा प्रतिबंध कक्षाचा फ्लेक्स

६ जानेवारी
नोकरी लागली त्या दिवसापासून लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही. मधे बेलापूरला मित्राचा टेम्पो बघायला गेलो, तिथून कर्जतला. कर्जतला का, ते आता आठवत नाही.
असो. पालिकेचा नवा हिंसा प्रतिबंध कक्ष मीच उभा करणार. जागा जुन्या जकात नाक्याची. स्टाफ म्हणजे सिमरन मॅडम आणि मी. मॅडम पुण्यात शिकल्यात, म्हणजे काम मलाच करावं लागणार.

९ जानेवारी
वरच्या आळीच्या मंडळाचा हर्षल, खालच्या आळीचा गोरक्षनाथ ऊर्फ गोरख. गणपतीत डोकी फुटली, तेव्हापासून बोलणं बंद. मॅडम म्हणाल्या, उद्घाटनाला दोघं एका स्टेजवर शांत बसले तरच कक्ष टिकेल, आणि तुमची नोकरीही. आधी त्यांना समोरासमोर बसवा.
बसवायचं काय त्यात? अडाणी लोक. यांना फक्त फ्लेक्सवरचा फोटो कळतो.

१२ जानेवारी
हर्षल म्हणाला, हापिसाचं मला नका सांगू, फोटो वर कुणाचा हाय? म्हटलं, तुझा. गोरखचाही तोच प्रश्न. तेच उत्तर दिलं. दोघंही खूश. याच कामासाठी मॅडम इतकी वर्षं कॉलेजात बसल्या.

१५ जानेवारी
फ्लेक्सवाल्याकडे निघालो. वाटेत पाथर्डीची जीप उभी. पुढची सीट रिकामी होती. बसलो.

१७ जानेवारी
फ्लेक्सवाला म्हणतो, वर जागा एकाचीच, कुणाला टाकू? मूर्ख माणूस. अशा वेळी तटस्थ माणूस टाकतात. माझा गॉगलवाला फोटो दिला. हे दोघं खाली, शुभेच्छुकांत, स्टॅम्पएवढे. अगदी सारखे. मॅडमना विचारलं नाही. उगाच चर्चा काढतात.

१८ जानेवारी, सकाळी साडेदहा
फ्लेक्स चढला. मस्त आलोय मी. मॅडम बघून खालीच बसल्या. म्हणाल्या, त्या दोघांना माहीत आहे ना? म्हटलं, सरप्राइज आहे. आता पोलिसांना फोन लावतायत. घाबरट बाई.

पावणेअकरा
हर्षलचा फोन आला, मग गोरखचा. शिव्या त्याच, क्रमही तोच. मतं जुळायला लागलीत, चांगलं लक्षण आहे. तूर्त आतून कडी लावून लिहितोय.
चहावाली केशरबाई खिडकीतून सांगतेय, आरं, हर्षल आन् गोरख आलेत. विचारलं, आधी कोण आला? म्हणाली, एकाच गाडीवं आलेत की. फ्लेक्सकडं बोट दाखवून इचारत्यात, ह्यो कुठं बसतो?