लेदरॉइडची पट्टी

बाबा, तुमचं इंजिन मी काल सकाळी उघडलं. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आता लिहून भांडते. चिंचपोकळीला स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत माझं एक टेबल आहे. हौशी लोक त्यांची जुनी मॉडेल रेल्वे इंजिनं माझ्याकडे आणतात आणि मी आत चिप बसवून ती डिजिटल करून देते. होय, मीच, जिच्या हातात तुम्ही कधी स्क्रूड्रायव्हर दिला नाहीत ती. खुशाल हसा. पण गिऱ्हाइकं थांबायला तयार असतात.

तुमचं ते हिरवं इंजिन. मिल सोडून जाताना मॅनेजरनं तुम्हाला दिलेलं, बंद पडलेलं, आणि तुम्ही मिलच्या मोटर वाइंडिंग खात्यात बसून जिवंत केलेलं. रविवारी दुपारी बांगड्याचं जेवण झालं की आई भांडी बाजूला सारते, तुम्ही जमिनीवर रूळ मांडता, रुळांत करंट सोडणाऱ्या काळ्या डब्याचं बटण फिरवता आणि आपल्या एका खोलीत गाडी गोल गोल धावते. माझं काम रॉकेलच्या फडक्यानं चाकं पुसायचं. तेवढंच. झाकण उघडताना तुम्ही माझ्याकडे पाठ करायचात. मला आत काय आहे ते बघायचं होतं हो. मोटर कशी फिरते ते बघायचं होतं. एवढंसं मागणं होतं माझं.

मग संप झाला. आई खाणावळीचे डबे करू लागली आणि तुम्ही रोजच गाडी लावू लागलात. एका दुपारी तुमचाच मिलमधला जोडीदार दारात उभा राहून सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, आमची चाकां बंद आणि तुझां इंजिन चालू? उद्या मागल्या दारान मिलात जातलस!" तुम्ही हसून वेळ मारून नेलीत. पुढच्या रविवारी गाडी हलेना. तुम्ही डबा बघितलात, रूळ बघितलेत, आणि दाराशी जमलेल्या माणसांना शांतपणे सांगितलंत, "हिना हात लावल्यान, इंजिन मेलां." मी चाकं पुसली होती. रॉकेल आत गेलं असेल, असं मलाही वाटलं. त्या रात्री आई म्हणाली, "काय केलं असशील तर सांगून टाक गो."

दहावीनंतर मी आयटीआयचा फॉर्म आणला. इलेक्ट्रिशियन. फॉर्मवर तुमची सही हवी होती. संप तेव्हा कुणी मिटवलाही नव्हता, नुसता विरून गेला होता, आणि तुम्ही दिवसभर खिडकीत बसायचात. फॉर्म बघून म्हणालात, "घरचां इंजिन मारलस, आता लोकांची मशिनां मारूक जातलस?" शेजारी बसलेला तुमचा तो जोडीदारही हसला. सही झाली नाही. मी औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावली, किती वर्षं ते मोजायचं सोडून दिलं. सोल्डरिंग शिकले ती लग्नानंतर, नवऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. त्यानं एकदाही पाठ केली नाही. तुमचं इंजिन मात्र आईच्या ट्रंकेत तसंच राहिलं. तुम्ही गेल्यावरही मी ते काढलं नाही, कारण उघडलं आणि खरंच माझीच चूक निघाली तर?

आता नीट ऐका, हे तुम्हाला कळेल. जुन्या इंजिनात मोटरला करंट पोचवणारा एक कार्बन ब्रश सांगाड्याला जोडलेला असतो. डिजिटल करताना मधे चिप बसते, आणि मोटरचं एकही टोक सांगाड्याला लागलेलं चालत नाही, नाहीतर चिप जळते. म्हणून आधी मीटर लावून बघायचं. ब्रश आणि सांगाडा जोडलेले असले की मीटर वाजायलाच हवा. काल तो वाजला नाही. मी चिमट्यानं ब्रशवरची स्प्रिंग उचलली. खाली लेदरॉइडची पट्टी होती, तुमच्या वाइंडिंग खात्यातला करंट अडवणारा तो करडा चिवट कागद. नखाएवढी, आणि चारही कोपरे गोल केलेले. कोपरे गोल केले की कागद फाटत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत असायचात. रॉकेलचा आत डागही नव्हता. करंट तुम्हीच तोडला होतात.

जोडीदाराच्या एका बोलण्याला घाबरलात. बरं, घाबरा. "संप आहे, मीच बंद केलं," एवढं म्हणाला असतात तर त्याच माणसांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं असतं. पण मग त्याचं बोलणं लागलं हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा मुलगी स्वस्त पडली. बाबा, तुम्ही भित्रे होतात. हे वाक्य लिहून मला फार बरं वाटतंय.

तर मी सूड घेतला. चिप बसवली. तुमच्या काळ्या डब्यावर चालायची सोय मी चिपमधून बंदच करून टाकली. मग तो डबा मुद्दाम जोडला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन ढिम्म. तीनदा फिरवलं. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिनाला एक नंबर द्यावा लागतो. तो बिनसहीचा फॉर्म मी जपून ठेवलाय. त्यावर जो नंबर छापला होता तोच दिला. तुमचं इंजिन आता त्या नंबराला ओ देतं, दुसऱ्या कुणाला नाही. काल संध्याकाळी टेबलावर माझ्या डिजिटल डब्यानं चांगलं तासभर पळवलं.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. चिपसाठी मोटर सांगाड्यापासून सुटी करायला त्या जागी पट्टी लागतेच. मी नवी कापली, बसली नाही. दुसरी कापली, तीही सरकली. शेवटी तुमचीच परत लावली.